पिवळ्या गळ्याची चिमणी

बाभळी-बोरींच्या कोरड्या माळावर एक चिमणी राहते. नाव पीतकंठी. अंग मातकट, नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका, खांद्यावर तांबूस पट्टा. घरटं झाडाच्या ढोलीत. इराण-इराककडच्या रुक्ष मुलखात वीण करणारे तिचे थवे हिवाळ्यात आपल्या उपखंडात उतरतात.

शंभराहून अधिक वर्षं झाली. मुंबईच्या खेतवाडीत मामूंकडे वाढणाऱ्या दहाएक वर्षांच्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने अशी एक चिमणी पाडली. एरवी चिमण्या हलाल करून खाल्ल्या जात. पण हिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही मुसलमानाला चालते का, असा प्रश्न मुलाला पडला. त्याने मामूंना, अमिरुद्दीन तय्यबजींना विचारलं. मामूंनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. मुलाला पक्ष्यांचं वेड लागलं ते तिथून.

‘सलीम अली आपलेच’ असं आपण अभिमानाने सांगतो. मला मात्र मामूंचं जास्त कौतुक वाटतं. प्रश्न दीनचा होता. ‘नको खाऊस’ म्हणून तो तिथेच मिटवता आला असता.

मी शाळेत शिकवतो. मुलं विचारतात, ‘सर, जेली हलाल आहे का? औषधाची कॅप्सूल?’ घरून त्यांना हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळालेलं असतं. कॅप्सूल कशाची बनते, हे कुणी दाखवलेलं नसतं. हलाल-हराम ठरवायचं तरी आधी वस्तू नीट पाहावीच लागते ना?