करप्याला न बधणारा बटाटा

जुलै सरत आला, चार दिवस उबदार पाऊस लागून राहिला, की ब्रिटनमधले हौशी बागवान रोज सकाळी बटाट्याची पानं उलटून बघायला लागतात. पानाच्या कडेला गडद, पाणथळ डाग, त्याभोवती फिकट हिरवी कडा आणि खालच्या बाजूला पांढुरकी लव दिसली, की तो उशिरा येणारा करपाच. पुढे आठवडाभरात अख्खा वाफा काळा पडतो आणि कुजका वास सुटतो. सलग दोन दिवस किमान तापमान १० अंशांखाली उतरलं नाही आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर राहिली, तर करप्याचा धोका धरायचा, असा निकष तिथे २०१७ पासून वापरात आहे.

फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हा या रोगाचा कर्ता. दिसतो बुरशीसारखा, पण खरी बुरशी नव्हे. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून ओलं पान त्याला हवंच असतं. पावसाबरोबर ते मातीत झिरपले, की खालचे कंदही सडतात. १८४५ पासून आयर्लंडमध्ये त्याने जो हाहाकार माजवला, त्यात सुमारे दहा लाख माणसं गेली आणि जवळपास तितक्यांनीच देश सोडला. गरिबांच्या शेतात तेव्हा बहुतेक लम्पर हा एकच वाण होता. बटाटा बेण्यावरून वाढतो, त्यामुळे सगळी झाडं एकाच रक्ताची. एक बळी पडलं, की बाकीचीही पडणारच.

आज ब्रिटनमधल्या घरगुती बागेत करप्यावर फवारायला एकही मान्यताप्राप्त औषध नाही. तांब्याची जुनी औषधंही गेली. तेव्हा सगळी भिस्त वाणावर.

हंगेरीतल्या शारवारी कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत काढलेले शारपो वाण इथेच कामाला येतात. त्यांतल्या काहींची पुढची पारख उत्तर वेल्समध्ये बँगोरजवळ झाली. शारपो मीरा हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. साल लाल, गर पांढरट, उकडला की पिठूळ. पाला इतका माजतो, की सऱ्या दिसेनाशा होतात, म्हणून दोन ओळींत अंतर जरा सैल ठेवावं लागतं. मातीची भर मात्र नेहमीसारखीच, नीट द्यायची. शेजारचे वाफे काळे पडले तरी मीराचा पाला बऱ्याचदा सप्टेंबरातही हिरवा असतो. मात्र त्या हिरवेपणाला भुलून काढणी लांबवली, तर कंद बोजड होतात. पाला वेळीच कापावा, साल पक्की होईपर्यंत थांबावं आणि मग खणावं.

मीरा टिकते कशी, याचं उत्तर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मिळालं. तिच्यात प्रतिकाराची किमान पाच जनुकं एकत्र आलेली आहेत. त्याआधी मेक्सिकोतल्या रानटी सोलॅनम डेमिसममधून एकेक जनुक घेऊन बरेच वाण घडवले गेले. पण ती एका कुलपाची घरं होती. रोगाने एक किल्ली घडवली, की दार उघडं. २००४ मध्ये युरोपात सापडलेल्या ‘ब्लू १३’ या वंशाने असे कितीतरी जुने प्रतिकार मोडले.

तोच वंश पुढे दक्षिण भारतातही पोचला आणि बटाटा-टोमॅटोला भोवला. आपल्याकडे १९६८ मध्ये आलेला कुफरी ज्योती सुरुवातीला करप्याला दाद देत नव्हता. कालांतराने तो प्रतिकार ओसरला. पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा घेणाऱ्यांना ढगाळ, दमट हवेची धास्ती कशाला म्हणतात ते सांगावं लागत नाही. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने त्यानंतर कुफरी हिमालिनी आणि कुफरी गिरधारी हे प्रतिकारक वाण दिले, तेही मुख्यतः डोंगराळ भागासाठी.

प्रतिकारक वाण लावला म्हणजे निगा संपली, असं समजणं घातक आहे. रोग बदलतो आणि त्याला हिवाळा काढायला जागा देतो तो बागवानच: जमिनीत राहिलेला कंद, उकिरड्यावर फेकलेले सडके बटाटे, आपोआप उगवलेली रोपं. म्हणून बेणं प्रमाणितच घ्या, गेल्या वर्षीची उगवलेली रोपं दिसताच उपटा, आणि प्रतिकारक वाणावरही डाग दिसला तर तो पाला त्याच दिवशी कापून वाफ्याबाहेर काढा.