आरपार दगड

भिंत बांधणाऱ्याची हळहळ लवकर विझत नाही, कारण त्याच्या कामाच्या आसऱ्याने माणसे झोपतात. आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरमध्ये ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलेले असताना, भूकंपात घरे पडली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी माळवद, त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेली माती. कितीतरी घरांत खांब-तुळया तगल्या आणि भिंती मात्र ढासळल्या, कारण भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या तोंडाला एकत्र धरणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. मधे नुसती भर होती.

या हळहळीतले आपले काय आणि आपले नसलेले काय, हे आधी निवडायला हवे, असे मला वाटते. भूकंप येईल हे गवंड्याला कळणे शक्यच नव्हते. देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९९२ मध्ये जवळच्या किल्लारीला धक्के बसले होते हे खरे, पण त्यांच्यामागून एवढा मोठा येईल, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. एवढे ओझे विठ्ठलाच्या पायाशी ठेवावे. आरपार दगड मात्र आपल्या हातातला होता.

देवावर सोडणे म्हणजे जबाबदारी झटकणे, असा आक्षेप येतो. न निवडता सगळेच सोडले, तर तो रास्त आहे. पण सगळेच उरी बाळगले तरी काम थांबते. सास्तूरच्याच जिल्ह्यातल्या तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांच्या कथेत नामात दंग होऊन चिखल तुडवताना त्यांचे मूल पायाखाली जाते, आणि पुढे घेतलेली एक शपथ मोडली म्हणून ते स्वतःचे हात तोडतात. कथा तिथे थांबत नाही. पंढरपुरी कीर्तनात हात परत येतात. मला यातली कृपा हात परत येण्यात दिसते, कारण हाताविना कुंभाराला चाक फिरवता येत नाही.

कथेत मूलही परत मिळते. सास्तूरमध्ये तसे झाले नाही, आणि विश्वास ठेवा म्हणजे दुःख सरेल, असे तिथल्या कोणाला सांगण्याचा अधिकार मला नाही. माझे म्हणणे बांधणाऱ्यांपुरते आहे. उभ्या भिंतीतले दगड जपून काढून आरपार भोक पाडता येते, त्यात सळई घालून काँक्रीट भरता येते, माळवदावरची जादा माती उतरवता येते. जुन्या घराच्या डागडुजीला बोलावणे आले, की गिलाव्याच्या आधी हे करून घ्यावे.