शेऱ्याचा रकाना

मामलेदार कचेरीतील कोणतेही दप्तर उघडावे, मग ती बारनिशी असो, तगाईची नोंदवही असो की फेरफाराचे रजिस्टर असो, उजवीकडचा अखेरचा रकाना 'शेरा' या मथळ्याचा असावयाचा. आणि नियमाने ठरवून दिलेला सगळा तपशील आधीच्या रकान्यांत भरून झाला म्हणजे, लिहिणाऱ्याला स्वतःच्या बुद्धीने जे काही म्हणावयाचे असेल त्याला या अरुंद पट्टीत जागा मिळावयाची. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते कोकणातील एका तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते. वाचलेली पुस्तके ध्यानात राहत नाहीत, अशी खंत आईने १९५३ सालच्या दिवाळीत बोलून दाखविली, तेव्हा त्यांनी बाजारातून लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही आणली, रूळ आणि टाक घेऊन तिच्या पानापानावर सहा रकाने आखले, आणि अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, ग्रंथकर्ता, आणल्याची तारीख, परत केल्याची तारीख व शेरा असे मथळे आपल्या वळणदार अक्षरात घालून ती तिच्या स्वाधीन केली. शेरा एका ओळीत आटोपावा, एवढीच त्यांची सूचना होती.

आईचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. त्या पुरातन संस्थेच्या मानाने आमच्या गावचे वाचनालय म्हणजे तालमीच्या माडीवरील चार कपाटे, आणि तो जिना बायकांनी चढण्याची रीत नव्हती. त्यामुळे चिठ्ठी घेऊन जाणारा आणि पुस्तक घेऊन येणारा मीच. दुपारची झाकपाक झाली की आई माजघराच्या उंबऱ्याला पाठ लावून वाचावयास बसे, आणि पुस्तक संपले की त्याच दिवशी, हात धुऊन पदराला पुसून, वहीत नोंद करी. पुस्तक मिटले आणि शेरा राहिला, असे तिच्या हयातीत एकदाही झाले नाही.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' ही वहीतील तिसरी नोंद. ते पुस्तक वाचून आमच्या आळीतील बायका डोळे पुशीत, आईनेही पुशिले असतील, पण शेरा असा आहे: "आईविषयी सर्व आले. आईला काय वाटले ते आईनेच सांगावयास हवे होते." त्याच्या खालोखाल लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत आणि शेरा तीनच शब्दांचा, "ही स्वतः बोलते." ते पुस्तक तिने पुढे आणखी चार वेळा आणविले, त्या प्रत्येक नोंदीपुढे "पुन्हा" एवढेच आहे.

या दोन नोंदी मी अनेक वर्षे एकमेकींपासून अलग वाचीत आलो. त्यांतला सांधा ध्यानात आला तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती, आणि मग सबंध वहीच निराळी दिसू लागली. न्यायनिवाड्यास बसलेल्या पंचाने साक्षी तपासून झाल्यावर, कोणाची जबानी व्हावयाची राहिली आहे काय, असे विचारावे, तशी माझी आई प्रत्येक पुस्तकाला विचारीत होती. 'बनगरवाडी'तील तरुण मास्तर वाडीकरांकडून तालीम बांधून घेतो, पुढे दुष्काळ पडून वाडी उठते; आई लिहिते, "तालीम पुरुषांची. बायकांना विचारले असते तर विहीर म्हणाल्या असत्या." विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'पुढे, जर्मनीतून परागंदा झालेली ती ज्यू तरुणी हॅर्टा समुद्रात जीव देते त्यावर, दुसरे काहीही न लिहिता एक प्रश्न आहे: "तिच्या पेटीचे काय झाले?" खांडेकरांच्या 'ययाती'त राजा, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली हकिगत सांगतात, तेथे, क्वचितच आढळणाऱ्या समाधानाने, "तिघांनाही बोलू दिले, हे न्यायाचे केले" असा शेरा आहे. खांडेकरांवर शेकडो पृष्ठांची टीका मी वाचली आहे, परंतु त्या कादंबरीच्या रचनेविषयी इतके नेमके वाक्य मला अन्यत्र भेटले नाही.

विद्यार्थिदशेत हे मला कळले असते तर! पुण्यास शिकावयास गेल्यावर नव्या साहित्याच्या वाऱ्याने मी भारून गेलो, आणि १९६३ साली निघालेली 'कोसला' सुटीत घरी नेऊन, आता हिला खरे पुस्तक कसे असते ते दाखवू, अशा आढ्यतेने मी ती आईच्या हाती दिली. त्या पुस्तकातील नायकाची धाकटी बहीण देवी येऊन मरते. दिलेल्या संध्याकाळीच आईने पुस्तक माझ्यापुढे ठेविले, वहीत आणल्याची व परत केल्याची तारीख एकच आहे, आणि शेरा, "बहिणीचे वाचले. पुढे वाचवत नाही. खरे आहे." माझ्या जन्माआधी आमची ताई देवीच्याच साथीत गेली होती, हे मला ऐकून माहीत होते, तरीही मी त्या शेऱ्याला अडाणीपणा समजलो आणि जेवताना तिच्याशी वाद घातला. तिने वाढता वाढता ऐकून घेतले. पुढे माझी मुलगी विषमज्वराने अकरा दिवस पडून राहिली, त्यांतल्या एका रात्री ते "खरे आहे" मला प्रथम ऐकू आले.

अण्णा गेल्यावर आई माझ्याकडे ठाण्यास राहावयास आली, तेव्हा तिने बरोबर आणलेल्या ट्रंकेत ही वही होती. दृष्टी मंदावली होती. भिंग घेऊन ती दिवसाला दहाबारा पाने वाची. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले, ते मी तिला दोन वर्षांनी आणून दिले. ते तिने महिनाभर पुरविले, आणि त्या नोंदीत अण्णांची सूचना तिने आयुष्यात प्रथमच मोडली. शेरा आपला रकाना सोडून तारखांच्या रकान्यांत, तेथून ग्रंथकर्त्याच्या रकान्यात, असा पान आडवे ओलांडीत गेला आहे. ती लिहिते: "आपल्या परसदारी मोळीवाली येत असे. बारा वर्षे आली. प्यावयास पाणी मागे ते वरून घातले, हाताला तांब्या लागू दिला नाही. ऊन असे तेव्हा पडवीत ये म्हटले नाही. मुली तीन की चार हे विचारले नाही. मी सर्व पुस्तकांना विचारीत आले, हिला विचारले नाही. नाव आठवत नाही. आठवल्यास लिहीन."

त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडून पुढील पुस्तकाची नोंद सुरू होते, आणि मग आणखी दहा-अकरा पुस्तके. पण त्या कोऱ्या ठेवलेल्या ओळींपैकी पहिलीवर, निळ्या बॉलपेनने, कापऱ्या पण पुन्हा रकान्यात नीट बसविलेल्या अक्षरात, एका बाईचे नाव आहे. पुढे तारीख घातली आहे. ती साडेसात महिन्यांनंतरची आहे.