साठीनंतर नेमकं काय जातं

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आमच्या घरात हल्ली वरचेवर ऐकू येते. रागानं कोणी म्हणत नाही. बहुतेकदा मायेनंच म्हटली जाते, आणि सासूबाईही ऐकून हसतात. पण मी स्वतः आता साठीला टेकले आहे आणि ही एवढीशी म्हण माझी पाठ सोडत नाही. खोटी म्हणावी तर ती पिढ्यानपिढ्या टिकली कशी? खरी म्हणावी तर जीभ रेटत नाही.

मुळात साठच का? स्वातंत्र्याच्या सुमाराला आपल्याकडचं सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षांचं होतं. तेव्हा साठी गाठणारी माणसं पाहायला मिळत होती तरी किती, असं आधी वाटतं. पण ती सरासरी खाली ओढली जायची ती मुख्यतः तान्ह्या आणि लहान मुलांच्या मृत्यूंमुळे. बालपणातून जी तरली, त्यांतली बरीच साठीपर्यंत पोचत. जवळपास प्रत्येक वाड्यात ओसरीवर एखादी आजी, एखादे आजोबा बसलेले असत. म्हण करणाऱ्यांनी त्यांना रोज, जवळून पाहिलेलं असणार. काय पाहिलं असेल? विचारलं एक आणि उत्तर आलं भलतंच. चुलीवरचं करपलं आणि शेजारी बसून पत्ता नाही. बोलता बोलता रस्त्यातच उभे राहिले. एवढं पाहिलं आणि बुद्धी गेली असं ठरवून टाकलं.

करपण्याचंच घ्या. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून शेवयांची खीर ढवळत होत्या. डाव भांड्यात फिरत होता, नजरही भांड्यावरच होती. खीर खाली लागली तो वास मला बाहेरच्या खोलीत आला. त्यांना भांड्यावर वाकून उभं असताना आला नाही. घरातल्यांनी लगेच म्हटलं, आजी हल्ली विसरते. त्यात विसरण्यासारखं काय होतं? त्या ढवळतच होत्या. नाकाच्या अगदी वरच्या भागात वास टिपणाऱ्या पेशी असतात. जुन्या मरतात, नव्या येतात, पण वयाबरोबर हे भरून येणं मंदावतं. आपण जिला चव म्हणतो, तिच्यात मोठा वाटा वासाचाच असतो. म्हणूनच आमटी त्यांना सपक लागते आणि हात मिठाकडे जातो. मग रक्तदाबावरून त्यांना बोलणी बसतात.

ऐकण्याचं याहून वाईट. म्हातारपणी आवाज सरसकट कमी होत नाही, आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशींतल्या वरच्या पट्टीच्या पेशी आधी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते टिकतात. स, श, फ, त, क मात्र निसटतात. म्हणजे बोललेलं ऐकू येतं, कळत नाही. साठी, काठी, पाठी हे तिन्ही शब्द अशा कानाला जवळजवळ सारखेच. सासूबाईंना 'साखर आणू का' विचारलं तर त्या म्हणतात, 'भाकरी नको, पोट भरलंय.' आपण ओरडतो. ओरडल्यानं स्वरच मोठे होतात, निसटलेला स परत येत नाही. वर आपला चेहरा रागावलेला दिसतो तो वेगळाच. माणूस मग अंदाजानं उत्तर देतं. काही दिवसांनी तेही सोडतं आणि नुसतं हसतं. माझ्या सासूबाई म्हण ऐकून हसतात म्हणाले मी वर, पण ती म्हण त्यांना ऐकू येते का, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

आम्ही वाईत राहतो. संध्याकाळी त्यांना ढोल्या गणपतीला नेते तेव्हा घाटाच्या पायऱ्या येतात. काळा दगड, शेकडो पावलांनी गुळगुळीत झालेला, त्यावर दिवेलागणीचा उजेड. मला पायऱ्या दिसतात. त्यांना बहुधा एकच काळा उतार दिसत असावा. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर, गढूळ होत जातं. त्यात चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, पायरी नेमकी त्यातूनच पाहावी लागते आणि धूसर दिसते. मग त्या उजवं पाऊल पुढे सरकवतात, चपलेच्या टोकानं कड चाचपतात, कड सापडली की टाच टेकवतात आणि तेवढा वेळ माझं मनगट घट्ट आवळून धरतात. गाभाऱ्यासमोर पोचल्या की हात जोडतात, पण डोळे मिटत नाहीत. मिटले की डोलतात.

याचं कारण एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या मोरित्झ रोंबर्ग या डॉक्टरांच्या निरीक्षणात सापडतं. पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे, ही त्यांच्या नावाची तपासणी आजही होते. उभं राहायला आपल्याला तिघांची साक्ष लागते. डोळे, आतल्या कानातलं तोलाचं यंत्र, आणि तळपाय, घोटे, गुडघे यांच्याकडून मेंदूला जाणाऱ्या खबरा. दोघं शाबूत असतील तर तिसऱ्यावाचून निभतं. साठीनंतर तिघंही एकदम थोडेथोडे कच्चे होतात. कानाच्या आत चुन्याचे अगदी बारीक कण असतात, तेही झिजतात. कधी निखळून भलत्या नळीत जातात, आणि मग नुसती कूस बदलली तरी घर गरगरतं. आरतीनंतर स्वतःभोवती घ्यायची प्रदक्षिणा सासूबाईंनी केव्हाच सोडली. न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटण्याचीही त्यांना भीती वाटते.

मग हा तोल सांभाळतं कोण? उरलेलं काम बुद्धीला करावं लागतं. 1997 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट नोंदवली होती. वृद्धांबरोबर चालताना त्यांच्याशी बोलायला लागायचं. जे बोलण्यासाठी थांबत, ते पुढच्या काही महिन्यांत पडण्याची शक्यता न थांबणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त निघाली. चालणं आणि बोलणं दोन्ही एका वेळी जमत नाही, कारण चालणं आता आपोआप होत नाही, त्याकडे लक्ष पुरवावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला म्हणीचं उत्तर सापडल्यासारखं वाटलं. बुद्धी नाठत नाही, ती पायात उतरते. 'अक्कल गुडघ्यात' म्हणून आपण ज्याला हिणवतो, ते म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत अक्षरशः खरं असावं, आणि त्यात हिणवण्यासारखं काही नसावं.

इथे थांबता आलं असतं. पण मी ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढला आणि भलतीकडेच गेले. गीतेच्या श्लोकात जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांचे दोष सतत पाहावेत एवढंच येतं. म्हातारपणाच्या वाट्याला एकच शब्द आहे. ज्ञानदेव त्या शब्दाशी थांबतात आणि ओव्यांमागून ओव्या एकेक अवयव कसा उतरणीला लागतो ते सांगत राहतात. ग्रंथ शके 1212 मधला, म्हणजे 1290 सालचा. तेव्हा त्यांचं वय एका परंपरेनुसार 15, दुसरीनुसार 19. आईवडील मुलं लहान असतानाच गेले, म्हणजे आईवडिलांचं म्हातारपण त्यांनी पाहिलेलं नाही. पुढे 1296 साली त्यांनी आळंदीला समाधी घेतली, म्हणजे स्वतःचंही पाहिलं नाही. मग या मुलानं ते पाहिलं कुठे? पैठणच्या घाटावर? भिक्षेला गेल्यावर कोणाच्या ओसरीवर? मी हे बरेच दिवस मनात घोळवते आहे. म्हातारपण अंगावर यायच्या आत तरुणपणीच नजरेसमोर आणावं, हा त्यांचा रोख. मी आजवर तो वैराग्याचा उपदेश म्हणून वाचत आले. आता वाटतं, कदाचित तो नुसता पाहण्याचा उपदेश असेल. ओसरीवरच्या माणसाकडे नीट पाहा, एवढाच. एवढं बारीक पाहणं मायेशिवाय होत नाही, असं मला वाटतं. पण त्या ओव्या वाचताना अंगावर काटा येतो, त्यात माया शोधणं हा माझाच हट्टही असेल.

आणि तेवढ्यात माझं सापडलेलं उत्तरही डळमळलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 साली स्मृतिभ्रंशाच्या, आपल्याला काही करता येण्याजोग्या 14 धोक्यांची यादी दिली. ऐकू कमी येणं त्यात आधीपासून होतं. उपचारावाचून राहिलेली अधू नजर त्या वर्षी आली. म्हणजे इंद्रियं मंदावली की बुद्धीही त्यांच्यामागे जाऊ शकते. माणूस बोलणी टाळतं, एकटं पडतं, सगळा वेळ अर्धवट शब्द जुळवण्यात शिणतं. की मेंदूच आधी थकतो आणि कान-डोळे फक्त ते आधी दाखवतात? तसं असेल तर म्हण सांगते त्यात तथ्य आहे. सासूबाईंना परवा माझं नाव आठवायला वेळ लागला. त्यांना मी नीट दिसत नव्हते, की ओळखू येत नव्हते? दोन्ही एकदमही असू शकतं.

पावसाळ्यात एका रात्री त्यांनी विचारलं, "यंदा रातकिडे नाहीत का गं?" बाहेर रातकिडे किर्र ओरडत होते. "आहेत आई," म्हटलं मी, आणि तेव्हापासून रोज कान देऊन ऐकू लागले. मला ते पूर्वीपेक्षा कमी वाटतात. मुलगा म्हणतो, तेवढेच आहेत. किडे खरोखर घटले की माझी वरची पट्टी जायला लागली, हे मला आतून कळायला मार्ग नाही. कानातला आवाज गेला की काही हरवल्यासारखं वाटत नाही, बाहेरच निवांत झालं असं वाटतं. बुद्धीचंही असंच होत असेल तर ती गेल्याचं कळणार कोणाला?

म्हणीचा निकाल लागेल तेव्हा लागो. तोवर एकच विनंती आहे. म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना ते बोलायला म्हणून रस्त्यात थांबलं, तर आपणही थांबावं, त्याच्या समोर येऊन उभं राहावं आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं. हात धरून पुढे ओढू नये.