धूर आणि वाफ

मनुष्याचा स्वभाव त्याच्या हस्ताक्षरांत दिसतो असें म्हणतात. आमचा अनुभव असा कीं, तो त्याच्या व्यसनांत अधिक स्वच्छ दिसतो.

२०२५ च्या उन्हाळ्यांत लंडनला कन्येच्या घरीं राहण्याचा योग आला. तेथें ई-सिगारेटची आमची प्रथमच नीट ओळख झाली. लेखणीएवढी नळी; आंत बॅटरी, तापणारी तार, आणि ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल व निकोटीन यांचा सुवासिक द्रव. ओढली कीं द्रवाची वाफ होते. जळत कांहींच नाहीं, म्हणून धूर नाहीं आणि राखहि नाहीं. हॉन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञानें २००३ च्या सुमारास ती सिद्ध केली. तो स्वतः अट्टल धूम्रपानी, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानें गेलेले. तेथील सरकारी आरोग्ययंत्रणा तिला सिगारेटपेक्षां कमी अपायकारक मानते, पण निरुपद्रवी मानीत नाहीं. जे मुळांत ओढीत नाहींत त्यांनीं तिच्या वाटेस जाऊं नये असें बजावते.

आमचे जांवई पूर्वीं दिवसाला वीस सिगारेटी ओढीत. गृहस्थ हिशेबी. त्यांनीं नळी घेतली ती औषधासारखी. निकोटीनचें प्रमाण मिलिलिटरला १८ मिलिग्रॅमवरून १२, मग ६, मग ३ असें उतरवीत नेलें. तारखा वहींत टिपल्या. आणि एके दिवशीं नळी खणांत टाकून दिली. आमचा भाचा तेथेंच शिकतो. त्यानें जन्मांत सिगारेट ओढली नव्हती. परंतु नवें तें चाखून पाहण्याची त्याला भारी हौस, आणि मित्रांवांचून क्षणभर करमत नाहीं. तो आंब्याच्या वासासाठीं नळीकडे गेला आणि निकोटीनपाशीं अडकला. एकदां वापरून फेकावयाच्या नळ्या तेथें १ जून २०२५ पासून बंद झाल्या, तेव्हां त्यानें पुन्हां भरतां येणारी घेतली. मानसशास्त्रज्ञ व्यक्तिमत्त्वाचीं पांच अंगें सांगतात. त्यांपैकीं दक्षता एकाच्या कामीं आली, तर अनुभवाची उत्सुकता व बहिर्मुखता दुसऱ्यास भोंवली. वस्तु एकच, स्वभाव निराळे.

तिसरे आम्ही. कन्येनें एक नळी आमच्यापुढें ठेवली, तेव्हां आम्हीं तिला व्याख्यानच दिलें. भारतानें २०१९ सालीं कायदा करून हिची निर्मिती, आयात व विक्री बंद केली आहे. विकणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद अथवा १ लाख रुपयांपर्यंत दंड होतो. शिवाय दीर्घकालीन परिणाम शास्त्रास अद्यापि पुरते उमगलेले नाहींत. तिनें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हटलें, "बाबा, हिचे दुष्परिणाम पुरते ठाऊक नाहींत म्हणून ही नको, आणि तुमच्या खिशांतल्या पाकिटाचे पुरते ठाऊक आहेत, म्हणून तें चालतें का?"

तीस वर्षें तर्कशास्त्र शिकवून आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सुचलें तें एवढेंच कीं, ज्याला आम्ही तत्त्व म्हणत होतों, तो आमचा स्वभाव होता. आम्ही मूळचे भित्रे. वर्गांत शिरण्यापूर्वीं, निकालाच्या आदल्या रात्रीं, घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आमचा हात खिशाकडे जातो. नव्या वस्तूचें भय वाटतें, म्हणून आम्ही तिला दोष देतों. जुनी सोडण्याचें भय वाटतें, म्हणून तिची बाजू घेतों. ह्याच भयापोटीं, गेल्या हिंवाळ्यांत छाती तपासून डॉक्टर काय म्हणाले तें आम्हीं घरीं कोणाला सांगितलें नव्हतें.

त्या संध्याकाळीं कन्येला सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. नळी आम्हीं परत केली, आणि तिच्याबरोबर पाकीटहि. दुसरें घेण्याचा मोह आम्हांस रोज होतो. नाक्यावरचा पानवाला आम्हांला ओळखतो, आणि त्याचा माल कायद्यानें बंद नाहीं. त्याच्या दुकानावरून जातांना आम्ही पावलें जरा झपाझप टाकतों, इतकेंच.