कोल्हापूरच्या तालमीतला काटा

कोल्हापूरला माणूस जातो तो चार दिवसांत दोन किलो वाढवून यायला. तांबडा-पांढरा रस्सा, वर गंगावेशीतले म्हशीचे धारोष्ण दूध! अशा गावी मी वजन उतरवण्याची विद्या शिकायला निघालो, तेव्हा सौभाग्यवतींनी नुसते हसून घेतले. पण डॉक्टरांनी बजावले होते, “गुडघे वाचवायचे असतील तर आठ किलो उतरवा, मात्र मांड्यांतला जोर उतरू देऊ नका.”

यातले पहिले अर्धे सगळेच ऐकतात. आमच्या मेहुण्यांनीही तेवढेच ऐकले होते. तीन महिने काकडी आणि पातळ सूप यांवर राहून त्यांनी अकरा किलो उतरवले. विजार सैल झाली, लग्नकार्यांत कौतुक झाले, आणि गॅसचा सिलिंडर उंबऱ्याच्या आत घ्यायला शेजारच्या मुलाला हाक मारायची पाळी आली! उपाशी शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खाते. वय वाढले की स्नायू आपण होऊनच झिजू लागतात, आणि एकदा गेलेले परत आणणे जड जाते.

वजन उतरवून ताकद राखणे हा ज्यांचा पोटापाण्याचा प्रश्न आहे, अशी माणसे कोल्हापुरात पेठोपेठी भेटतात. गादीवरची कुस्ती वजनगटावर चालते. याच मुलखातले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोच्या गटात सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात कांस्यपदक घेऊन आले. पाच किलोंनी वाढले ते अंगच नव्हे, बळही.

आधी खासबाग मैदान पाहिले. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोमचा जुना आखाडा पाहून आले, आणि १९१२ साली हे मैदान उभे राहिले. रिकाम्या पायऱ्यांवर मी तीन ठिकाणी बसून पाहिले. कुठूनही मधला हौद स्वच्छ दिसतो.

मग एका तालमीत गेलो. तिचे नाव सांगत नाही; बाकीच्या पेठा रुसायच्या. पहाटेचे पाच. तांबड्या मातीला ताक, हळद, तेल आणि कापूर यांचा मिळून येणारा तो वास एकदा नाकात बसला की दिवसभर हलत नाही. कोणी जोर मारीत होते, कोणी बैठका. कोपऱ्यात छताला दोर, आणि दोराखाली वजनकाटा.

काट्यावर अठरा वर्षांचा एक पोरगा उभा होता. ६१ किलो. दोन महिन्यांनी निवडचाचणी, गट ५७चा. चेहऱ्यावर सगळी काळजी दिसत होती.

“वस्ताद, शेवटच्या दोन दिसांत पाणी तोडतो की,” तो म्हणाला.

“आन् हौदात काय झोपाय जाणार हाईस?” वस्ताद उसळले.

बरोबरच होते. २०२४ साली पॅरिसला अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलोंवर वजन उतरवून ५७च्याच गटात कांस्य मिळवले. पण त्याच स्पर्धेत विनेश फोगाट रात्रभर पाण्यावाचून झटली आणि १०० ग्रॅमसाठी अंतिम लढतीला मुकली. रातोरात उतरते ते मुख्यतः पाणी; चरबीला घाई चालत नाही.

वस्तादांचा हिशेब साधा होता. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. भाकरी निम्मी, थंडईतले बदाम मोजून, तूप बंद. दूध, अंडी आणि मोडाची मटकी मात्र कमी करायची नाही. स्नायूंची दुरुस्ती त्यांच्यावर चालते. जोर-बैठकाही तेवढ्याच.

“आन् हे समदं बराबर चाललंय ह्ये कळायचं कसं?” मी तोंडही उघडले नव्हते, तरी वस्तादांनी माझा प्रश्न विचारला आणि दोराकडे बोट दाखवले. अंग हलके झाले की दोर सोपा वाटला पाहिजे. काटा उतरतोय आणि हातही लवकर भरून येतायत, तर पोरगा मांस घालवतोय. त्या दिवशी ताटात एक अंडे जास्त. इतका नेमका काटा मी कुठल्या दवाखान्यात पाहिला नाही.

मग त्यांची नजर माझ्या पोटावर आली. “पावणं, तुमी भित्तीला हात टेकून जोर मारा. बैठका खांब धरून, धा-धाच. गुडघा बोलला की थांबायचं. आन् डाळीची वाटी सोडू नगा.” दहाव्या बैठकीला मी खांबाला असा बिलगलो की आसपासची पोरे खुदकन हसली.

गेले दोन महिने आमच्या स्वयंपाकघराचा खांब तालमीच्या कामी लागला आहे. माझे साडेतीन किलो उतरले, आणि दळणाचा डबा दोन जिने न थांबता वर येतो. परवा वस्तादांना फोन करून पोराचे वजन विचारले.

“छप्पन्न किलो नऊशे.”

“आणि दोर?”

“आधी एकदा चढायचा, आता लागोपाठ तीनदा. चाचणी सोमवारी हाय. येताय न्हवं?”