करंट कुठपर्यंत येतोय?

‘लॅपटॉप चालू होत नाहीये’ ही तक्रारच नव्हे, असं माझ्या काकांचं म्हणणं. ‘पोटात दुखतंय’ म्हटल्यासारखं आहे ते. कुठे दुखतंय? कधीपासून? चार्जिंगचा दिवा लागतो का? बटण दाबल्यावर पंखा क्षणभर तरी फिरतो का? पंखा फिरतोय आणि पडदा काळा असेल, तर अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारून बघायचं. पुसट अक्षरं दिसली तर लॅपटॉप चालू आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेलाय. यातल्या प्रत्येक उत्तराला वेगळा रस्ता फुटतो. आपण मात्र सगळ्याला मिळून ‘बंद पडला’ म्हणतो आणि घाबरतो.

काकांनी मिरजेत तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. लॅपटॉप त्यांनी आयुष्यात उघडलेला नाही. तरी गेल्या जुलैत माझा लॅपटॉप गप्प झाला तेव्हा फोन त्यांनाच लावला, कारण दुकानात तो ठेवून येणं मला शक्य नव्हतं.

त्यात बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या तेवीस मुलाखती होत्या. एका अभ्यासगटासाठी मी त्या ऐकून उतरवत होते. कोणी मुकादमाच्या उचलीबद्दल बोललेली, कोणी गर्भपिशवी काढल्याबद्दल, जे तिने घरातही कधी धड सांगितलं नव्हतं. त्यांना दिलेला शब्द असा, की हे आवाज क्लाउडवर जाणार नाहीत, फक्त कुलूपबंद डिस्कवर राहतील. पुण्यातल्या एका दुकानदाराने बटण दोनदा दाबून ‘मदरबोर्ड गेला, चौदा हजार’ असं सांगितलं. वर म्हणाला, रात्रभर ठेवून जा आणि पासवर्ड लिहून द्या. आकड्याने पोटात गोळा आला होताच, पण मी लॅपटॉप उचलला तो पासवर्डमुळे.

डिस्क काढून डबीत घालून दुसऱ्या लॅपटॉपला जोडता येते. मशीन मेलं तरी डिस्क बहुतेक वेळा जिवंत असते, हे खूपजणांना माहीतच नसतं. पण कुलूपबंद डिस्क परक्या मशीनवर ४८ आकड्यांची किल्ली मागते, आणि ती अभ्यासगटाच्या ताईंकडे होती. ताई आठवडाभर रेंजबाहेर.

‘अगं, मला त्यातलं काही कळत नाही,’ काका फोनवर म्हणाले. ‘पण भिंतीपासून निघू. करंट कुठपर्यंत येतोय ते सांग.’

खालच्या इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर आणला. अडॅप्टरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर लिहिलेलं. गुणाकार केला की ६५ वॉट. लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेर. मीटरने १९.४ दाखवले. ‘म्हणजे दारापर्यंत आला. आत?’ चार्जिंगचा दिवा लागत होता. आतही येत होता.

मग चार्जर काढून बटण तीस सेकंद दाबून धरलं. हा उपाय मला नेटवरून माहीत होता. काकांना त्याचं कारण माहीत होतं: कपॅसिटरमध्ये उरलेला करंट निघून जाऊ दे. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब प्लग काढल्यावरही भरलेली राहायची, त्यामुळे हात घालण्याआधी ते ती स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांधून अर्थ करून घ्यायचे. एका पोराने तसं केलं नाही आणि तो थेट भिंतीवर आदळला, हा किस्सा मी दहाव्यांदा ऐकला.

पुन्हा बटण. पंखा अर्धा सेकंद फिरला आणि एक दिवा ठरावीक लयीत लुकलुकायला लागला. एवढे दिवस तो लुकलुकतच असणार. दुकानात कोणी मोजलं नव्हतं. त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत अर्थ सापडला: रॅम सापडत नाही.

पाठ उघडली. आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांची सोनेरी टोकं खोडरबरने हलकेच पुसली (पावसाळ्यात हे आधी करावं, असं इलेक्ट्रिशियनचं मत), तिरक्या घालून टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. तरी तेच लुकलुकणं. मग काका म्हणाले, ‘एकेक कर ना.’ पहिल्या खाचेत कुठलीही पट्टी घातली तरी ढिम्म. दुसऱ्या खाचेत पहिली पट्टी घातली, पडदा काळाच, आणि मी बंद करणार इतक्यात काका म्हणाले, थांब जरा. रॅम बदलली की मशीन पहिल्यांदा उठायला वेळ घेतं, हे मी नंतर वाचलं. दीड-दोन मिनिटांनी पासवर्डची चौकट आली.

म्हणजे गेली होती एक खाच. मदरबोर्डचाच भाग तो, त्यामुळे दुकानदार अगदीच खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. मी काकांना तसं म्हटलं. ‘त्याला वेळ विकायचा असतो,’ ते म्हणाले. ‘मी एका रेडिओपायी दोन दोन दिवस घालवायचो. माझ्या दुकानाच्या जागी आज मोबाइलची कव्हरं विकतात.’ हे ते हसत म्हणाले, पण मला चटकन पुढे बोलता आलं नाही.

लॅपटॉप आता निम्म्या रॅमवर चालतो, मुलाखत ऐकताना ब्राउझर बंद ठेवावा लागतो. मुलाखती उतरवून झाल्या, आणि ताई आल्यावर कुलूपबंद डिस्कची एक प्रत त्यांच्या कपाटात गेली.

काकांचा परवा फोन आला होता. गणपतीला येशील तेव्हा ते मशीन घेऊन ये म्हणाले, खाचेतली एखादी पिन वाकली असेल तर भिंगातून दिसेल.